किल्ली हातात आली, पण घर राहण्याजोगं नाही: पुण्या-मुंबईत भाड्याने येणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून काय करावं

टेम्पो खाली उभा असतो, हमालांची घाई चाललेली असते, आणि दार उघडल्यावर आतून कोंदट वास येतो. पंधरा दिवसांपूर्वी एजंटसोबत पाहिलं तेव्हा घर बरं वाटलं होतं. आता बेडरूमच्या भिंतीवर अंगठा टेकवला की रंगाचा पोपडा निघतो आणि मागचा ओला भुगा बोटांना चिकटतो. बाथरूमचं पाणी जाळीतून खाली जाण्याऐवजी वर येतंय. मालक फोनवर म्हणतात, "तुम्ही शिफ्ट व्हा, मी उद्या माणूस पाठवतो."

एका जुलैत मी अशाच दारात उभा होतो. मी सामान वर चढवलं, मालकांच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि लिहून काहीच ठेवलं नाही. घर सोडताना त्याच भिंतीच्या रंगाचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले. भिंत आधीपासून ओली होती हे दाखवायला माझ्याकडे एकही तारीख असलेला फोटो नव्हता. म्हणून नोकरीसाठी, शिक्षणासाठी पहिल्यांदाच पुण्यात, मुंबईत, ठाण्यात घर घेणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हे समजून घ्या: कागदावर तुम्ही कोण आहात

बोलताना आपण सगळेच "भाडेकरू" म्हणतो. पण आज फ्लॅट बहुतेक वेळा "लिव्ह अँड लायसन्स" करारावर मिळतो, आणि त्या कागदावर तुम्ही भाडेकरू नसता, लायसन्सी असता. मालक तुम्हाला ठरावीक काळ घर वापरायची परवानगी देतो, इतकंच. हा फरक नवख्या माणसाला कुणी सांगत नाही, आणि अडचण आली की सगळं त्यावरच अडतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम आहे, भाडेकरूने करारातच वेगळं कबूल केलं नसेल तर. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. म्हणजे महिना २४,००० भाडं असेल तर वर्षाला ७२,००० पर्यंत. ऐकायला उत्तम वाटतं. पण हे कलम भाडेकरूसाठी आहे. लायसन्सीने त्यावर विसंबून परस्पर भाडं कापायला सुरुवात केली, तर मालकाला "लायसन्स फी थकवली" म्हणायला आयतं कारण मिळतं.

मग लायसन्सीच्या हातात काय उरतं? तीन गोष्टी. पहिली म्हणजे करारात लिहिलेलं. दुसरी, इंडियन ईझमेंट्स अॅक्ट, १८८२ चं कलम ५७: तुमच्या जिवाला किंवा सामानाला धोका होऊ शकेल असा दोष मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. तिसरी, करार कायदा, १८७२. खोटं सांगून किंवा दोष मुद्दाम झाकून करार केला असेल, तर तो रद्द करायचा पर्याय तुमचा असतो.

या तिसऱ्या गोष्टीत एक मेख आहे. साध्या काळजीने पाहिलं असतं तर कळलं असतं असा दोष असेल, तर चुकीची माहिती दिली या कारणाखाली तुमची बाजू लंगडी पडते. भिंतीवरचा काळा डाग घर पाहायला आलात तेव्हा समोर होता आणि तुम्ही गप्प बसलात, तर नंतर बोलणं अवघड. तोच डाग चार दिवसांपूर्वी ताजा रंग मारून झाकला असेल, तर गोष्ट निराळी. शिवाय दोष कळल्यावरही तुम्ही निमूट राहत गेलात, भाडं भरत गेलात, तर तुम्ही तो करार स्वीकारला असाच अर्थ निघतो. त्यामुळे पहिल्या दिवशीचं तुमचं लेखी म्हणणं इतकं मोलाचं ठरतं.

आता तुमचा करार उघडा. छापील मजकुरात "जागा पाहिली असून ती चांगल्या स्थितीत आहे" अशा अर्थाचं वाक्य बहुधा सापडेल. त्यावर तुमचा अंगठा आधीच लागलेला असतो. त्या वाक्याला उत्तर द्यायची वेळ म्हणजे किल्ली घेतल्यानंतरचा पहिला दिवस.

पायरी १: सामान उतरवण्याआधी अर्धा तास

टेम्पोवाल्याला अर्धा तास थांबायला सांगा. वेटिंगचे चारपाचशे गेले तरी चालतील. एकदा कपाटं वर चढली की तुमचा "नाही" म्हणायचा जोर निम्मा होतो.

मोबाईलवर दारापासून सलग व्हिडिओ सुरू करा. मध्ये बंद करू नका. सुरुवातीला तारीख-वेळ तोंडाने बोला आणि दारावरचा फ्लॅट नंबर दाखवा. मग प्रत्येक खोलीचे कोपरे, छत, खिडक्यांच्या खालचा भाग. हात फिरवून दाखवा. ओल फोटोत नीट दिसत नाही, पण ओल्या भिंतीवर दाबलेलं बोट आणि सुटणारा पोपडा व्हिडिओत स्पष्ट दिसतो. कपाटांची दारं उघडा, सिंकखाली डोकवा, लाकूड बोटाने ठोकून बघा. वाळवी लागलेली चौकट पोकळ वाजते.

सगळे नळ सोडा आणि सोडलेलेच राहू द्या, निदान दहा मिनिटं. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीत, बादलीभर पाणी एकदम ओता. पाणी तुंबत असेल तर एवढ्यात कळतं. फ्लश दोनदा ओढा. वॉचमनला विचारा की पाणी किती वाजता येतं आणि टँकर किती लागतात. एजंट सांगणार नाही ते वॉचमन सांगतो.

विजेच्या मेन बोर्डावर "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं छोटं बटण शोधा. ते दाबल्यावर घरातली वीज लगेच गेली पाहिजे. गेली नाही, किंवा असं बटणच नाही, तर शॉक लागल्यावर वीज तोडणारी यंत्रणा एक तर बंद आहे किंवा बसवलेलीच नाही. ओलसर भिंतीवरचे स्विच कोरड्या हातांनीसुद्धा चाचपून पाहू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मीटरवरचा ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी आहे का तेही लगेच ऑनलाइन बघा.

व्हिडिओ ज्या फोनवर घेतला त्यातली मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत दबलेली असते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात असा पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फाइल आणि तो फोन असणं कामाला येतं.

पायरी २: हा धोका आहे की गैरसोय?

रंग उडालाय, खिडकीचा कडी-कोयंडा मोडलाय, गीझर चालत नाही, झुरळं आहेत ही गैरसोय. दुरुस्तीची तारीख ठरवून राहायला जाता येतं.

छताचं प्लास्टर पडून आतली गंजलेली सळई दिसतेय, नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, गॅसचा वास येतोय, मैलापाणी घरात उलटतंय, पाणीच येत नाही, हा धोका. अशा घरात एक रात्रही काढू नका, विशेषतः लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर. गॅसचा वास आला तर व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका आणि बाहेर येऊन फोन करा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. महावितरणच्या भागात विजेसाठी १९१२.

सळई दिसत असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. मुंबईत महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. "सी-१" म्हणजे तातडीने रिकामी करायची. शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींची पाहणी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ पावसाळ्याआधी करतं आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. स्वस्तात मोठं घर मिळतंय म्हणून हुरळण्याआधी इमारत या यादीत नाही ना, हे पाहून घ्या. मालकाला नोटीस मिळालेली असूनही त्याने तुम्हाला सांगितलं नसेल, तर कलम ५७ ची आठवण करून द्यायची हीच वेळ. वॉर्ड ऑफिसकडे तक्रार तुम्हीही करू शकता, त्यासाठी मालक असावं लागत नाही.

पायरी ३: त्याच दिवशी लिहा

पुष्कळ जण इथेच अडखळतात. मालकांना आपण "काका" म्हणतो, त्यांनी चहा पाजलेला असतो, आणि लेखी तक्रार म्हणजे भांडण असं वाटतं. तसं नाही. फोनवर बोला, जरूर बोला, पण बोलून झाल्यावर तेच लिहून पाठवा. साधारण असं:

"नमस्कार काका. आज १२ जुलै, सकाळी १०.४० ला फ्लॅटवर आलो. बेडरूमची पश्चिमेकडची भिंत जमिनीपासून चार फुटांपर्यंत ओली आहे, बाथरूमचं पाणी तुंबून बाहेर येतंय आणि हॉलमधल्या स्विचबोर्डला शॉक बसतो. व्हिडिओ आणि अकरा फोटो सोबत पाठवले आहेत. या स्थितीत कुटुंबासह राहणं शक्य नाही. सामान तुमच्याशी बोलून फक्त हॉलमध्ये ठेवत आहोत, राहायला आलेलो नाही. वीज आणि ड्रेनेजचं काम १५ जुलैपर्यंत आणि भिंतीचं काम कधीपर्यंत होईल ते कृपया कळवा. घर राहण्याजोगं होईपर्यंतचं भाडं धरू नये ही विनंती. माझे हक्क राखून हे कळवत आहे."

आवाज चढवलेला नाही, पण तारीख, वेळ, जागा, मागणी, मुदत सगळं आहे. शेवटचं वाक्य वकिली वाटेल, तरी राहू द्या. तात्पुरतं सामान ठेवलं म्हणजे सगळं मान्य केलं असं नंतर कुणी म्हणू नये म्हणून ते आहे. हाच मजकूर ईमेलनेही पाठवा आणि एजंटला प्रत द्या. तीन-चार दिवसांत उत्तर आलं नाही, तर करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवा. पावती आणि पोच झाल्याचा ऑनलाइन तपशील जपून ठेवा.

मालकांचं उत्तर "हो, ओल आहे, करून देतो" असं आलं, तर त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट तुमच्या अकरा फोटोंहून मोलाचा आहे.

पायरी ४: दुरुस्ती नेमकी कुणाच्या गळ्यात

ओल कुठून येते यावर सगळं अवलंबून आहे. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून किंवा सिंकमधून झिरपत असेल तर ते काम वरच्या फ्लॅटधारकाचं. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून, पावसाच्या किंवा ड्रेनेजच्या सामाईक पाइपातून येत असेल तर सोसायटीचं. घरातल्याच नळाचं किंवा पाइपचं असेल तर तुमच्या मालकाचं.

तुम्ही सोसायटीचे सभासद नाही, त्यामुळे सेक्रेटरी तुमच्या पत्राला उत्तर देईलच असं नाही. अर्ज मालकांनी करायला हवा. त्यांना मजकूर तयार करून द्या, फोटो जोडून द्या, नुसतं पाठवायचं काम उरू द्या. परगावी किंवा परदेशी असलेल्या मालकांच्या बाबतीत हा उपाय चांगला लागू पडतो.

आणि पावसाळ्यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग ओल्या गच्चीवर होत नाही. पाऊस थांबून गच्ची आणि भिंत नीट वाळावी लागते. त्यामुळे जुलैमध्ये कुणी "आठ दिवसांत ओल घालवतो" म्हणालं, तर ते वरून रंग मारणार आहेत असं समजा. खरं काम दिवाळीच्या आसपास होईल. तोवर त्या खोलीत झोपायचं की नाही, आणि भाडं किती, हे आजच ठरवा. वीज आणि ड्रेनेज मात्र दोन-चार दिवसांत होऊ शकतं, तिथे सबब ऐकून घेऊ नका.

पायरी ५: मालकांसमोर ठेवायचे पर्याय

नुसती तक्रार केली तर "बघतो" हेच उत्तर येतं. पर्याय ठेवले तर निवड करावी लागते.

तारीख पुढे ढकला. करार १ तारखेचा असला तरी भाडं घर तयार होईल त्या दिवसापासून सुरू. २४,००० भाडं म्हणजे दिवसाला ८००. नऊ दिवस घर वापरता आलं नाही तर ७,२०० कमी. हा हिशेब स्वतः मांडून पाठवा.

एक खोली वापरता येत नसेल तर ती दुरुस्त होईपर्यंत भाडं कमी करून मागा. किती, हे दोघांनी मिळून ठरवायचं. लिहून घ्यायचं.

दुरुस्ती तुम्ही करून पैसे भाड्यातून वळते करायचे असतील, तर आधी प्लंबरचा लेखी अंदाज मालकांना पाठवा, "करा, पुढच्या भाड्यातून वजा करा" असं लेखी उत्तर घ्या, मगच काम. बिलं ठेवा. परवानगीशिवाय एक रुपयाही कापू नका. लायसन्स फी थकली की मालक करार संपवण्याची नोटीस देऊ शकतात, आणि मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर खाली करून घेता येतं, दुप्पट दराने भरपाईसह. रागाच्या भरात भाडं बंद करून त्याच घरात राहणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

त्याच मालकांचा दुसरा फ्लॅट रिकामा असेल तर तोही विचारून बघा. एजंटला दुसरं घर दाखवायला सांगा. ब्रोकरेज घेतलं आहे तर दुसऱ्या घरासाठी पुन्हा मागू नये, हे स्पष्ट बोला.

पायरी ६: नाहीच जमलं तर बाहेर पडणं

करारातली लॉक-इनची अट वाचा. "सहा महिने सोडता येणार नाही" असं लिहिलेलं असेल तर मालक त्यावर बोट ठेवतील. तुमचं उत्तर तयार हवं: घर राहण्याजोगं दिलंच नाही, पहिल्याच दिवशी कळवलं, दिलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही. तिन्ही गोष्टी लेखी असतील तर लॉक-इनचं भय फार उरत नाही.

करार रद्द करत असल्याचं पत्र द्या. त्यात कारणं, डिपॉझिट आणि आगाऊ भाडं परत करायची तारीख, आणि तुमचा बँक खाते क्रमांक लिहा. करार नोंदणीकृत असेल तर तो संपल्याचा लेख दोघांच्या सह्यांनी करा, नाहीतर तुमच्या नावावर तो पत्ता चालूच राहतो. पोलिस व्हेरिफिकेशन झालं असेल तर घर सोडल्याचं तिथेही कळवा.

किल्ली कधीही वॉचमनकडे ठेवून निघू नका. मालकांना किंवा त्यांच्या माणसाला द्या, रिकाम्या घराचा पुन्हा व्हिडिओ घ्या, आणि "किल्ली मिळाली" एवढं लिहून घ्या.

करारच नोंदवलेला नसेल तर घाबरू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. "रंग आणि प्लंबिंग करून देतो असं कबूल केलं होतं" हे तोंडी वचन अशा वेळी जिवंत होतं.

पायरी ७: डिपॉझिट परत येत नसेल तर

पोलिस बहुधा "ही दिवाणी बाब आहे" म्हणतील, आणि नुसत्या पैशांच्या वादात ते बरोबरही आहे. पण कुणी धमकावलं, कुलूप बदलून सामान अडकवलं, तर ११२ वर फोन करा. महारेराकडे (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण) जाऊन उपयोग नाही, त्याचा कायदा घर विकत घेणाऱ्यांसाठी आहे, भाड्याने राहणाऱ्यांसाठी नाही. एजंटने पैसे घेऊन खोटी माहिती दिली असेल, तर त्याच्या सेवेबद्दल ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार मांडून बघा.

मालकांना वकिलाची नोटीस पाठवणं ही पहिली गंभीर पायरी. बरेच वाद तिथेच मिटतात. पुढे मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालय, इतरत्र दिवाणी न्यायालय. पैसे वसुलीसाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत मदत मिळते. अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांनाही. दावा न लावताही तुमचं प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. विधी सेवेचा फोन १५१००.

अजून सही व्हायची असेल तर

एजंट म्हणेल, "मजकूर ठरलेला असतो, बदलत नाही." जादा अटी घालता येतात. अंगठा देण्याआधी कच्चा मसुदा मागून घ्या आणि त्यात या तीन ओळी घालायला सांगा (लायसन्सर म्हणजे मालक):

"ताबा देण्यापूर्वी लायसन्सर गळती, ड्रेनेज व विजेची कामे पूर्ण करून देईल, तोपर्यंत लायसन्स फी लागू होणार नाही."

"ताब्याच्या दिवशी उभय पक्षांनी सही केलेली जागेच्या स्थितीची नोंद व फोटो या कराराचा भाग समजला जाईल."

"ताब्यापासून सात दिवसांत जागा राहण्यायोग्य नसल्याचे लेखी कळवल्यास व पंधरा दिवसांत दुरुस्ती न झाल्यास लायसन्सी लॉक-इनची अट न लागता करार संपवू शकेल, व संपूर्ण डिपॉझिट सात दिवसांत परत केले जाईल."

मालक तिसऱ्या ओळीला अडले, तर त्यांना विचारा की गेल्या पावसाळ्यात त्या बेडरूममध्ये कोण राहत होतं, आणि त्यांनी घर का सोडलं.